प्रवासाचा पुरता हिशेब

श्रोतेहो, वार्षिक परीक्षा संपत आल्या, की मराठी घराघरांतून एक विषय हमखास निघतो. तो म्हणजे सुट्टीत कोठे जावयाचे. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, हैदराबाद येथे पिढ्यान्पिढ्या स्थायिक झालेल्या आपल्यापैकी पुष्कळांना कोकणातले किंवा देशावरचे मूळ गाव एकदा मुलांना दाखवावयाचे असते. बेळगावकरांना आणि गोवेकरांना उत्तरेकडील तीर्थे व थंड हवेची ठिकाणे पाहावयाची असतात. ठिकाण ठरते आणि मग घरातील कर्ते माणूस कागद घेऊन हिशेबाला बसते. पहिला आकडा मांडला जातो तो गाडीभाड्याचा. तो अचूक असतो, कारण तो छापलेला असतो. पुढील आकडे मात्र 'साधारण' या शब्दाच्या आधाराने लिहिले जातात : साधारण इतके राहण्याचे, साधारण इतके जेवणाखाण्याचे. परत आल्यावर पाहावे, तर छापलेला आकडा जागच्या जागी असतो आणि 'साधारण' लिहिलेले आकडे दुप्पट झालेले असतात.

हा अनुभव घरोघरचा आहे. परंतु त्यालाही एक इतिहास आहे, आणि तो कोणत्याही लढाईच्या इतिहासाइतकाच मनोरंजक आहे. प्रवासाला निघण्यापूर्वी त्याचा पुरता खर्च सांगता येणे ही गोष्ट मनुष्याला फार अलीकडे, म्हणजे गेल्या पावणेदोनशे वर्षांत, आणि तीही तुकड्यातुकड्याने साधली आहे. आधी भाडे ठरले, मग मुक्काम ठरला, मग वाटेवरच्या पैशाची सोय झाली. एक तुकडा मात्र अजूनही पुरता हाती आलेला नाही. तो कोणता, हे आज आपणांस पाहावयाचे आहे.

प्रथम आपल्याच घरचे एक उदाहरण घेऊ. १८५७ साली पेण तालुक्यातील वरसई गावचे विष्णुभट गोडसे आपल्या काकांबरोबर उत्तर हिंदुस्थानात जावयास निघाले. घरावर कर्ज होते, आणि ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार असल्याची वार्ता कानी आली होती. तेथे दक्षिणा मिळेल, तीर्थयात्रा घडेल आणि कर्जही फिटेल, असा त्यांचा विचार होता. खर्चापेक्षा मिळकतच अधिक, असे हे अंदाजपत्रक! परंतु वाटेत महूच्या सुमारास बंडाची बातमी कळली, आणि त्यानंतर भटजींच्या हिशेबातील एकही रकम खरी ठरली नाही. झाशीचा वेढा आणि त्यानंतरची लूट त्यांनी डोळ्यांनी पाहिली. मिळालेले द्रव्य गेले. सुमारे तीन वर्षांनी ते घरी परतले, तेव्हा मुख्य कमाई म्हणून त्यांच्यापाशी मातापित्यांसाठी खांद्यावरून आणलेली गंगेची कावड होती. त्यांचा 'माझा प्रवास' हा ग्रंथ १९०७ साली प्रसिद्ध झाला. बंडाचा वृत्तांत म्हणून आपण तो वाचतो. परंतु अंदाज चुकलेल्या प्रवासाची हकीगत म्हणूनही तो वाचण्याजोगा आहे.

गोडसेभटजींच्या काळी, आणि त्यापूर्वीही, यात्रेला निघणारा गृहस्थ अगदीच बेहिशेबी असे, असे मात्र नाही. रोकड जवळ बाळगणे धोक्याचे, म्हणून सधन यात्रेकरू आपल्या गावच्या सावकाराकडे पैसे भरून काशीच्या पेढीवरची हुंडी घेत असे. त्याबद्दल हुंडणावळ द्यावी लागे, म्हणजे पैसे सुखरूप नेण्याचाही खर्च असे. पुढे क्षेत्रोपाध्याय, धर्मशाळा, नावाडी, दानधर्म यांच्या रकमा येत आणि त्या यजमानाच्या ऐपतीकडे पाहून ठरत. प्रयागास तर काही काळ इंग्रज कंपनी सरकारही यात्रेकरूकडून कर घेई. तो १८४० साली रद्द झाला. सांगावयाचे ते इतकेच, की यात्रेकरू जवळचा पैसा मोजून निघे. पण खर्च मोजून निघणे त्याला शक्य नसे. पैसा पुरेल तितके दिवस यात्रा करावयाची आणि सरला की परतावयाचे किंवा उसने काढावयाचे, हाच त्याचा हिशेब.

युरोपातही स्थिती फारशी निराळी नव्हती. अठराव्या शतकातील श्रीमंत इंग्रज तरुण शिक्षण पुरे करण्यासाठी फ्रान्स-इटलीत वर्ष दोन वर्षे हिंडत. बापाच्या पेढीचे पतपत्र त्यांच्या खिशात असे. खर्चाचा अंदाज करण्याची त्यांना गरज नव्हती, आणि ज्यांना गरज होती ते घराबाहेर पडत नव्हते. या दुसऱ्या वर्गाची काळजी प्रथम वाहिली ती एका बाईने. तिचे नाव मारियाना स्टार्क. तिच्या वडिलांनी मद्रासच्या किल्ल्यात ईस्ट इंडिया कंपनीची नोकरी केली होती. क्षयाने आजारी असलेल्या नातलगांची शुश्रूषा करीत ही बाई अनेक वर्षे इटलीत राहिली. परक्या मुलखात घर कोठे मिळते, त्याला काय पडते, दूध, लाकूडफाटा, धोबी यांचे दर काय असतात, हे तिला रोजच्या व्यवहारातून कळले.

नेपोलियनची युद्धे १८१५ साली संपली आणि मध्यम स्थितीतील इंग्रज कुटुंबे युरोपात जाऊ लागली. त्यांच्यासाठी १८२० साली मारियाना स्टार्कचे मार्गदर्शक पुस्तक लंडनच्या जॉन मरे या प्रकाशकाने काढले. चित्रे आणि प्रार्थनामंदिरे यांची वर्णने पूर्वीच्या पुस्तकांतही असत. या पुस्तकात त्यांच्या जोडीला सामान काय न्यावे, परवाना कसा काढावा, कोणत्या गावी खाणावळीचा दर काय, गाडीला किती पडते, हेही लिहिलेले होते. पाहण्याजोग्या वस्तूंपुढे ती एक, दोन, तीन अशी उद्गारचिन्हे घाली. आज आपण हॉटेलांना तारे देतो, त्या प्रथेची ती पूर्वजच म्हणावी लागेल. ज्या कुटुंबापाशी ठरावीकच रकम आहे, त्याने 'आपल्याला परवडेल का' हा प्रश्न घरी बसून विचारावा आणि त्याचे उत्तर घरी बसूनच मिळावे, ही सोय त्या पुस्तकाने केली.

तथापि पुस्तकातील दर हे दुसऱ्याने दिलेले दर. आपणांस तेच पडतील याची हमी कोण देणार? ती हमी देण्याच्या कामाला एका सुताराने हात घातला. टॉमस कुक हा १८०८ साली इंग्लंडातील डर्बीशायर परगण्यातील मेलबर्न या खेड्यात जन्मला. तो लाकूडकाम करी, बाप्टिस्ट पंथाचा प्रचारक म्हणून पायी गावोगाव फिरे, आणि दारूबंदीच्या चळवळीचा कट्टर कार्यकर्ता होता. १८४१ च्या जून महिन्यात एका सभेसाठी लेस्टरकडे चालत जात असता त्याच्या मनात आले, की नव्याने सुरू झालेल्या आगगाडीचा या कामी उपयोग का करू नये? त्याने रेल्वे कंपनीशी बोलणे केले, आणि ५ जुलै १८४१ रोजी सुमारे पाचशे माणसे लेस्टरहून लफबरोच्या सभेला खास गाडीने गेली आणि परत आली. जाण्यायेण्याचे भाडे प्रत्येकी एक शिलिंग. गाडी उघडी होती, अंतर थोडे होते. पण एकच आकडा सांगितला गेला आणि त्यात परतीचा प्रवासही धरलेला होता. गरिबाला प्रवासाची भीती वाटे ती भाड्याच्या रकमेपेक्षा तिच्या अनिश्चितपणामुळे, हे कुकने ओळखले.

१८४५ साली त्याने लेस्टरहून लिव्हरपूलची सहल काढली. ही त्याची नफ्यासाठी काढलेली पहिली सहल. निघण्यापूर्वी तो स्वतः त्या वाटेने जाऊन आला, खाणावळी पाहिल्या, दर विचारले, आणि प्रवाशांसाठी एक छोटी पुस्तिका छापली. अंदाजपत्रक करण्याचा हा उत्तम मार्ग आजही बदललेला नाही : जेथे जावयाचे तेथील दर तेथल्याच माणसाला विचारावे. पुढच्याच वर्षी, १८४६ मध्ये, त्याने स्कॉटलंडची मोठी सहल नेली. रेल्वे, मग आगबोट, मग पुन्हा रेल्वे, असा तो लांबचा प्रवास. वाटेत चहाची ठरलेली व्यवस्था झाली नाही आणि बोटीवर सर्वांना पुरतील एवढ्या खोल्या निघाल्या नाहीत. ग्लासगोला बँड वाजवून स्वागत झाले खरे, पण त्याच साली कुकचे दिवाळे निघाले. दुसऱ्यांना पक्का हिशेब देऊ पाहणाऱ्या या माणसाचा स्वतःचा हिशेब असा बुडाला. तो पुन्हा उभा राहिला हे त्याचे वैशिष्ट्य.

१८५१ साली लंडनमध्ये मोठे औद्योगिक प्रदर्शन भरले. मे महिन्याच्या अखेरीपासून सोमवार ते गुरुवार प्रवेश एक शिलिंगाला ठेवला गेला. पण यॉर्कशायरच्या गिरणी कामगाराला लंडन गाठावयाचे म्हणजे भाडे, मुक्काम, जेवण, आणि इतके दिवस बुडणारी मजुरी. एवढी रकम एकदम त्याच्या हाती कधीच नसे. तेव्हा गावोगाव बचत-मंडळे निघाली. कामगाराने दर आठवड्याला थोडी रकम मंडळाच्या पेटीत भरावयाची आणि उन्हाळ्यात लंडनला जावयाचे. कुक आणि त्याचा सतरा वर्षांचा मुलगा जॉन मेसन गावोगाव फिरून ही नावे नोंदवीत. रेल्वे कंपन्यांच्या चढाओढीत भाडे उतरत उतरत पाच शिलिंगांवर आले. कुकमार्फत त्या वर्षी सुमारे दीड लाख माणसे लंडनला गेली. ही दीड लाखाची संख्या आपण ध्यानात ठेवावी. तिच्याकडे मी पुढे वळणार आहे.

आठवड्याच्या बचतीची ही रीत लँकेशायरच्या गिरणगावांत तर वार्षिक धर्मच होऊन बसली. तेथे प्रत्येक गावाच्या गिरण्या ठरलेल्या आठवड्यात बंद राहत आणि सारा गाव ब्लॅकपूलच्या समुद्रकाठी लोटे. त्या आठवड्याची मजुरी मिळत नसे. त्यामुळे कामगाराच्या अंदाजपत्रकात भाडे आणि मुक्काम यांच्याआधी एक अदृश्य रकम बसलेली असे. ती म्हणजे न मिळालेला पगार. वर्षभर मंडळात भरलेले पैसे सुट्टीच्या आधी वाटले जात. ब्लॅकपूलच्या घरमालकिणी खोलीचे पैसे घेत. शिधा प्रवाशांनी बाजारातून आणावयाचा आणि मालकिणीने तो शिजवावयाचा, अशी पद्धत. टेबलावर ठेवलेल्या मीठ-मिऱ्याच्या भांड्याचे वेगळे पैसे लावण्याबद्दल या मालकिणींची थट्टा इंग्लंडात पुढे कित्येक वर्षे चालली. थट्टा हसण्यासारखी आहे, पण तिच्यात दोन बोध आहेत. एक म्हणजे, किरकोळ म्हणून न लिहिलेली रकमच शेवटी हिशेब बिघडवते. दुसरा असा, की गावच्या गिरणीत राबणारी आणि घर सांभाळणारी ती बाई सुट्टीतही सकाळी बाजारात पिशवी घेऊन उभी असे. खर्च वाचला तो तिच्या विश्रांतीतून वाचला. मात्र तो कोणत्याही वहीत लिहिला गेला नाही.

१८६३ साली कुकने पहिली स्वित्झर्लंडची सहल नेली. तिच्यातील जेमायमा मॉरेल या यॉर्कशायरच्या बाईने लिहिलेली रोजनिशी १९६३ साली छापली गेली. तीन आठवड्यांच्या या प्रवासाला माणशी सुमारे २० पौंड लागले. त्या काळी एकट्याने सगळे घरकाम करणाऱ्या मोलकरणीला वर्षभराच्या नोकरीतही एवढी रकम मिळत नसे, यावरून ही सहल कोणत्या वर्गासाठी होती हे कळते. तेव्हा कुककडून तिकिटे मिळत, पण खाणावळीचे पैसे प्रवाशाने जागच्या जागी द्यावयाचे होते. म्हणजे 'साधारण' हा शब्द अजून शिल्लक होता. तो पुसण्यासाठी १८६८ च्या सुमारास हॉटेल-कूपने निघाली. प्रवाशाने लंडनमध्येच झोपण्याची, न्याहारीची आणि रात्रीच्या जेवणाची कूपने विकत घ्यावयाची, परदेशी हॉटेलवाल्यास ती द्यावयाची, आणि त्याने ती कुककडे पाठवून पैसे घ्यावयाचे. आता परक्या भाषेत घासाघीस नको आणि बिल पाहून छातीत धस्स होणे नको. १८७४ साली कुकने प्रवासात ठिकठिकाणी वटविता येणाऱ्या हुंडीवजा चिठ्ठ्या काढल्या, आणि १८९१ मध्ये अमेरिकन एक्स्प्रेस कंपनीने दोन सह्यांचा प्रवासी धनादेश सुरू केला. भाडे, मुक्काम आणि पैसा, हे तिन्ही तुकडे आता कागदावर आले होते.

अशा मोजून-मापून हिंडणाऱ्यांची टवाळीही पुष्कळ झाली. १८६५ साली चार्ल्स लीव्हर नावाच्या कादंबरीकाराने एका प्रसिद्ध मासिकातून कुकच्या प्रवाशांना मेंढरांचा कळप ठरविले. तो स्वतः इटलीत इंग्रज सरकारचा अधिकारी होता, आणि आजवर आपल्यासारख्यांसाठी राखलेल्या जागी दुकानदार व शिक्षक येऊन उभे राहतात, हे त्याला सहन होईना. कुकने त्याला सडेतोड उत्तर दिले. श्रोतेहो, दर विचारणाऱ्या माणसाला हिणविण्याची ही वृत्ती आपल्याकडेही आहे. हॉटेलात शिरण्यापूर्वी भाव विचारला की मुलांना लाज वाटते, आणि वडील न विचारता आत जातात. पण ज्याला जपून खर्च करावयाचा आहे, त्यानेच सृष्टीचे सौंदर्य पाहू नये असे कोठे लिहिले आहे? मोजणे ही परवडत नसलेल्या माणसाची सभ्य हिंमत आहे.

सप्टेंबर १८७२ मध्ये कुक पृथ्वीप्रदक्षिणेला निघाला. २२२ दिवसांची ही सहल. तिची किंमत २०० गिनी. एक गिनी म्हणजे २१ शिलिंग आणि एक पौंड म्हणजे २० शिलिंग, या हिशेबाने ते २१० पौंड होतात. अमेरिका, जपान, चीन, सिंगापूर, लंका करून ही मंडळी हिंदुस्थानात आली. उत्तर हिंदुस्थान आगगाडीने पाहून ती मुंबईला पोचली आणि तेथून बोटीने सुएझकडे गेली. पुढे १८८१ साली कुकच्या कंपनीची कचेरी मुंबईत उघडली.

या मुंबई कचेरीच्या इतिहासात आपल्या विषयाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे प्रकरण आहे ते हजयात्रेचे. हिंदुस्थानभरचे यात्रेकरू मुंबई बंदरातून जेद्दाला जात. त्यांत गोरगरीब फार. आयुष्यभराची पुंजी गाठीला बांधून ते मुंबईला येत. बोट कधी सुटणार हे निश्चित नसे, दलालांचा सुळसुळाट असे, आणि भाडे दिवसागणिक बदले. बोटीची वाट पाहण्यातच पुष्कळांचे पैसे सरत. जाण्याचे भाडे कसेबसे भरून गेलेल्या अनेकांपाशी परतीचे भाडे उरत नसे आणि ते जेद्दाला अडकून पडत. १८८६ साली हिंदुस्थान सरकारने ही व्यवस्था कुकच्या कंपनीकडे सोपविली. ठरलेला दर आधी जाहीर करावयाचा आणि आपल्या भागातच रेल्वे व बोट यांचे जोडतिकीट मिळावयाचे, अशी तिची योजना. योजना चांगली होती, पण तिच्यात कंपनीला तोटा होऊ लागला आणि १८९३ पर्यंत हे काम संपुष्टात आले. पुढे १९२० नंतरच्या दशकात कायदाच झाला, की यात्रेकरूने परतीचे तिकीट काढावे किंवा तेवढी रकम आधी अनामत ठेवावी. यात्रेकरूच्या मनात जाण्याचीच ओढ असते आणि परतीचा विचार तो देवावर सोडतो. ही श्रद्धा थोर आहे. पण आगबोटीच्या कंपनीला ती समजत नाही. जगातील किती तरी प्रवासखर्चाचे अंदाज याच एका ठिकाणी फसतात : जाण्याचा खर्च इच्छा मांडते, आणि परतीचा खर्च मांडावयास कोणीच बसत नाही.

बुडणाऱ्या मजुरीचा प्रश्न विसाव्या शतकात सुटू लागला. इंग्लंडात १९३८ साली पगारी सुट्टीचा कायदा झाला. आपल्या देशात १९४८ च्या कारखाना अधिनियमाने ठरावीक दिवस काम केलेल्या कामगारास, दर २० दिवसांच्या कामामागे एक दिवस, अशी भरपगारी रजा दिली. १९५६ साली केंद्र सरकारच्या नोकरांना रजा-प्रवास सवलत मिळाली. गावाकडचे घर दूर असलेल्या चाकरमान्याला स्वतःच्या गावी जाता यावे, हा तिचा मूळ हेतू. ग्वाल्हेर-इंदुरातील कितीएक मराठी कुटुंबांनी कोकणचा समुद्र पाहिला तो या सवलतीमुळे.

आता त्या दीड लाखांकडे येऊ. टॉमस कुक १८९२ साली वारला. त्याची कंपनी पुढे घराण्याच्या हातून गेली, सरकारी झाली, पुन्हा खाजगी झाली, आणि विमानाने लाखो माणसांना समुद्रकाठी नेऊ लागली. विमान, हॉटेल, न्याहारी, दोन वेळचे जेवण, सगळ्याची मिळून एकच किंमत. १८४१ च्या एका शिलिंगाचे हे पूर्ण वाढलेले रूप होते. परंतु २००७ च्या एका मोठ्या विलीनीकरणानंतर कंपनीवरचे कर्ज वाढत गेले. घरबसल्या स्वतःच तिकिटे काढणारे ग्राहक तिला सोडून गेले, आणि २३ सप्टेंबर २०१९ रोजी पहाटे ती बंद पडली. त्या दिवशी तिचे सुमारे दीड लाख ब्रिटिश प्रवासी परदेशात होते. जितकी माणसे कुकने १८५१ साली लंडनला नेली, जवळजवळ तितकीच त्याच्या नावाच्या कंपनीने परमुलखात सोडली. त्यांनी पुरते पैसे आधी भरलेले होते, परतीचेसुद्धा. तरी ट्यूनीशियातील एका हॉटेलने, आपले पैसे कंपनीकडून येणार नाहीत या भीतीने, पाहुण्यांना फाटकातून बाहेर जाऊ दिले नाही. १८६८ च्या कूपनांमागे हॉटेलवाल्याचा जो विश्वास होता, तोच येथे सुटला होता. (भारतातील कुक कंपनीची मालकी २०१२ पासून वेगळी असल्याने तिच्यावर ही पाळी आली नाही.)

त्या प्रवाशांना ब्रिटिश सरकारने विमाने भाड्याने घेऊन दोन आठवड्यांत परत आणले. यामागे आणखी एक जुना धडा होता. १९७४ साली अशाच एका मोठ्या सहल-कंपनीचे दिवाळे निघाले असता हजारो लोक अडकले होते, आणि त्यानंतर सहल-कंपन्यांकडून रकम घेऊन अडलेल्यांसाठी राखीव निधी उभारला गेला. १९९० साली युरोपीय देशांनीही नियम केला, की एकरकमी सहल विकणाऱ्याने ग्राहकाच्या परतीची हमी दिलीच पाहिजे. पाहा, जेद्दाच्या यात्रेकरूंसाठी केलेला अनामतीचा नियम आणि युरोपचा हा नियम यांत तत्त्व एकच आहे. फरक इतकाच, की पूर्वी अनामत गरीब यात्रेकरूकडून घेत; आता ती कंपनीकडून घेतात.

आरंभी ज्याचा उल्लेख केला तो हाती न आलेला तुकडा हाच. प्रवासातील संकटाची रकम कोणीही पुसून टाकू शकत नाही. ती एकाच्या खांद्यावरून दुसऱ्याच्या खांद्यावर देता येते, एवढेच. पूर्वी ती यात्रेकरू स्वतः वाहत असे. मग काही काळ कंपनीने वाहिली. कंपनी कोसळली तेव्हा निधीने आणि सरकारने उचलली. म्हणून पुरता खर्च मांडताना, काय घडल्यास किती लागेल, आणि ते कोण देईल, हे दोन्ही लिहावे लागते. दुसरी बाजू कोरी राहिली, तर ती रकम आपलीच आहे असे समजावे.

तेव्हा यंदा कागद पुढे घेताना आपण हिशेब थोडा उलटा मांडून पाहावा. सर्वांत वर परतीचे भाडे लिहावे आणि तेवढी रकम वेगळी काढून ठेवावी. त्याखाली बुडणारा पगार किंवा बंद राहणाऱ्या दुकानाची मिळकत लिहावी. मग मुक्काम आणि जेवण, पण तेथील माणसाला विचारून आणलेल्या दराने. त्यानंतर ब्लॅकपूलच्या मिठाच्या भांड्यासारख्या रकमा : हमाल, रिक्षा, प्रवेशशुल्क, नातलगांकडे न्यावयाची मिठाई, घरी राहणाऱ्या गाईगुरांची किंवा आजारी माणसाची व्यवस्था. त्याखाली संकटाची रकम. आणि सर्वांत शेवटी, उरलेल्या पैशांत जाण्याचे ठिकाण निवडावे. हा क्रम पाळला, तर ठिकाण कदाचित थोडे जवळचे निघेल.

परंतु त्याचा एक मोठा लाभ आहे. अंदाज अपुरा असतो तेव्हा त्याची भरपाई घरातील कोणी तरी मुकाट्याने करीत असते. 'मला काय पाहावयाचे राहिले आहे, मी घर सांभाळते' असे म्हणून आजी मागे राहते, किंवा गृहिणी धर्मशाळेच्या ओसरीवर स्टोव्ह पेटवून बसते आणि देऊळ बाकीचे पाहून येतात. परतल्यावर उसनवारी फेडण्यासाठी मुलांच्या वह्यापुस्तकांना विलंब होतो. कुकने एक शिलिंगाचा आकडा जाहीर केला तेव्हा त्यात बसू शकणारा प्रत्येक मनुष्य मान वर करून गाडीत चढला. आपल्या घरच्या अंदाजपत्रकाचीही कसोटी तीच मानावी. त्यात घरातील सर्व माणसे बसली पाहिजेत, आणि ज्या दिवशी निघाली त्यापेक्षा चिंतेचे ओझे न वाढविता ती परत आली पाहिजेत.